पावणेपाच वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांचा पुतण्या, दोघेही अडखळतात: स्पीच थेरपी कधी, कुठे आणि कशी?

ताई, वाचणाऱ्या इतर पालकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, मग एक स्पीच थेरपिस्ट म्हणून उत्तर देते. मुलगा पावणेपाच वर्षांचा. गेल्या दिवाळीच्या सुमारास अडखळायला लागला, त्याला आता वर्ष होत आलं. "म-म-म-मला दे" असं होतं, कधी तोंड उघडं राहतं आणि आवाजच फुटत नाही. घर एकत्र. मोठ्या जावेचा दहा वर्षांचा मुलगा अडखळतो, यजमानांचे काका अजूनही अडखळतात. सासूबाईंच्या मते धाकटा थोरल्याचं ऐकून शिकला, म्हणून हल्ली दोघांना एकत्र खेळू देत नाहीत. मुलांचे डॉक्टर म्हणाले, वाट बघा, आपोआप जाईल. शहरातल्या एका क्लिनिकने वीस सेशनचं पॅकेज सांगितलं आहे: पैसे आधी भरायचे आणि आईवडिलांनी बाहेर बसायचं. थेरपी घ्यावी का, कुणाकडे, आणि दोघांना एकदमच नेलं तर चालेल का?

धाकट्याला आता न्या, वाट बघायची मुदत त्याच्यापुरती संपली आहे. थोरल्यालाही न्या, पण त्याची थेरपी वेगळी असेल आणि ती घ्यायची की नाही हे त्यालाही विचारा. पॅकेजचे पैसे भरू नका. आणि दोघांना आज संध्याकाळपासून एकत्र खेळू द्या.

खेळण्याचं आधी बोलते, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. तोतरेपणा ऐकून किंवा बघून लागत नाही. मुलं गंमत म्हणून नक्कल करतात आणि चार दिवसांत विसरतात. तुमच्या घरात तिघेजण अडखळतात याचं कारण रक्ताचं नातं. तोतरेपणा घराण्यात उतरतो हे जुळ्यांच्या अभ्यासांतून फार आधी दिसलं होतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी संबंध असलेली काही जनुकंही दाखवली. सगळ्यांच्या बाबतीत तीच जनुकं सापडतात असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे. मेंदूच्या चित्रणांत, बोलण्याची आखणी करणारे भाग आणि ओठ-जीभ-स्वरयंत्र हलवणारे भाग यांना जोडणाऱ्या डाव्या बाजूच्या तंतूंमध्ये थोडा फरक दिसतो. मुलाला काय बोलायचं ते पक्कं माहीत असतं, ते नेमक्या क्षणी तोंडातून सोडताना अडतं. घाबरल्यावर, दमल्यावर, घाईत असताना अडखळणं वाढतं हे खरं. पण भित्रा आहे म्हणून अडखळतो, कुत्रं अंगावर आल्यापासून लागलं, मोबाइलमुळे झालं, आईने लाडावून ठेवलं म्हणून झालं, यात तथ्य नाही. तुमच्या वाट्याला यातलं शेवटचं वाक्य नक्की आलं असणार, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि दोघांना वेगळं ठेवल्याने थोरल्याला काय कळतं? आपल्यात असं काहीतरी आहे की लहान भावाला आपल्यापासून लांब ठेवावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाला हे कुणी उलगडून सांगावं लागत नाही. त्याच्या बोलण्यावर थेरपिस्ट पुढे जे काही काम करील, त्यातलं निम्मं या एका गोष्टीने वाया जाईल.

आता "वाट बघा" हा सल्ला. तो अगदीच निराधार नाही. अडखळणं बहुतेक वेळा दोन ते पाच या वयात सुरू होतं. शंभरातली साधारण पाच मुलं कधी ना कधी या टप्प्यातून जातात, मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असतं. म्हणजे चारांतल्या तिघांचं तरी आपोआप सुटतं, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हे तिघे असतात. माझ्याकडे चौथा येतो, तोही बहुधा उशिरा. तो चौथा कोण असेल हे छातीठोक सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. मुलींपेक्षा मुलग्यांचा तोतरेपणा जास्त टिकतो. तो साडेतीन वर्षांनंतर सुरू झाला असेल, सहा महिने ते वर्ष उलटूनही कमी होत नसेल, घरात कुणाचा मोठेपणीही टिकलेला असेल, तर शक्यता वाढत जाते. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे सगळंच लागू आहे. लहान वयात, विशेषतः सहाच्या आत, थेरपीला सगळ्यात चांगला प्रतिसाद मिळतो. म्हणून आणखी एक दिवाळी थांबू नका.

ज्यांचं मूल अडीच-तीन वर्षांचं आहे आणि दोन महिन्यांपूर्वीच अडखळायला लागलं आहे, त्यांनी मात्र घाबरून धावाधाव करायचं कारण नाही. "मला... मला ना... ते म्हणजे..." असं अख्खे शब्द पुन्हा म्हणणं या वयात सगळीच मुलं करतात. पहिलं अक्षर अनेकदा येणं, आवाज ताणला जाणं ("सssकाळी"), किंवा आवाज पूर्ण बंद पडणं, आणि त्यासोबत डोळे मिटणं, मान झटकणं, पाय आपटणं हे दिसलं तर एकदा दाखवून घ्यावं. मूल स्वतःच "मला बोलताच येत नाही" म्हणालं किंवा बोलायचं अर्ध्यात सोडून द्यायला लागलं, तर महिने मोजत बसू नये. आणि डोक्याला मार, फिट किंवा मोठं आजारपण यानंतर अचानक सुरू झालं असेल तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ, मग आम्ही.

"त्याच्यासमोर विषयच काढू नका, लक्ष दिलं की वाढतं" हा सल्ला तुम्हालाही मिळाला आहे असं तुम्ही लिहिलंय. तो कुठून आला ते सांगते, कारण तो अजून भल्याभल्यांच्या तोंडी आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे मोठे संशोधक होते, स्वतः अडखळणारे. आईवडील मुलाच्या साध्या चुकांना "तोतरेपणा" म्हणतात आणि त्यातूनच तो निर्माण होतो, असं त्यांचं मत होतं. 1939 मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काही चांगल्या बोलणाऱ्या मुलांना, तुमचं बोलणं बिघडतंय, सांभाळून बोला, असं वारंवार सांगितलं गेलं. मुलं तोतरी झाली नाहीत. पण ती बोलायला कचरू लागली, गप्प झाली. हा प्रयोग दशकानुदशकं झाकून राहिला आणि 2001 मध्ये विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. यातून आपण घ्यायचं ते एवढंच की नाव घेतल्याने तोतरेपणा येत नाही, टोचून बोलल्याने मात्र मूल बोलणं टाळायला लागतं. तेव्हा अगदी अडला तर "शब्द अडकला ना? असू दे, मी ऐकतेय" एवढं साध्या आवाजात म्हणायला काही हरकत नाही. सगळं घर एखाद्या गोष्टीवर गप्प बसतं तेव्हा मूल समजतं की ती लाजिरवाणी आहे.

धाकट्याची थेरपी नेमकी कशी असेल, याबद्दल सविस्तर लिहिते, कारण पॅकेजचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

शाळेआधीच्या वयासाठी जगभर अभ्यासलेले मार्ग मुख्यतः दोन. पहिला लिडकोंब कार्यक्रम, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत मार्क ऑन्स्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला, तिथल्या एका उपनगराच्या नावाने ओळखला जातो. यात उपचार करते ती आई किंवा वडील. थेरपिस्ट आठवड्यातून एकदा भेटून तुम्हाला शिकवते, चुका दुरुस्त करते, मुलाचं बोलणं ऐकते. घरी रोज दहा-पंधरा मिनिटं चित्रांचं पुस्तक, ठोकळे, भातुकली असं काही घेऊन बसायचं आणि मूल छोट्या, सोप्या वाक्यांत बोलेल असा खेळ रचायचा. ते न अडता बोललं की मधूनमधून, खरं वाटेल असं म्हणायचं: "वा, किती सरळ बोललास!" "एकदाही अडकलं नाही हं." क्वचित, अगदी क्वचित, अडखळल्यावर हलकेच: "जरा अडकलं ना? परत म्हणतोस?" कौतुक पाच वेळा झालं तर हे एखाद्या वेळी, आणि मुलाला ते आवडत नसेल तर तेही नाही. शिवाय दिवसभराचं अडखळणं शून्य ते नऊ या मापावर रोज लिहून ठेवायचं. शून्य म्हणजे अजिबात नाही, नऊ म्हणजे अतिशय जास्त. ही वही फार कामाची. आई म्हणते "काहीच फरक नाही" आणि वहीत सहाचे तीन झालेले असतात. कधी उलटही होतं. आकडे खाली येऊन काही आठवडे तिथेच टिकले की दुसरा टप्पा. त्यात भेटी लांबत जातात आणि वर्षभर नजर ठेवली जाते, कारण हा पाहुणा परत येऊ शकतो.

हे वाचून उद्यापासून स्वतःच सुरू करू नका, ही कळकळीची विनंती. कौतुक जास्त झालं, चुकीच्या वेळी झालं, किंवा "परत म्हण" ची सवय लागली की त्याची रोजची उलटतपासणी होते आणि मूल वैतागतं. म्हणूनच दर आठवड्याला कुणीतरी तुम्हाला करताना बघणं गरजेचं असतं.

न्यूझीलंडमध्ये 54 मुलांवर झालेली एक चाचणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनी लिडकोंब घेतलेल्या मुलांचं अडखळणं सरासरी 77 टक्क्यांनी घटलं होतं, न घेतलेल्यांचं 43 टक्क्यांनी. दोन्ही आकडे बघा. काही न करताही कमी होतं, आणि तरीही थेरपीचा फरक उरतो.

दुसरा मार्ग मुलाच्या बोलण्याला थेट हात लावत नाही, तर घरातलं बोलणं बदलतो. लंडनच्या मायकेल पेलिन सेंटरची पद्धत याच जातीची, नेदरलँड्समध्येही यासारखीच एक वापरतात. आईवडिलांचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढतात, तो तुम्हीच बघायचा, आणि तुम्ही आधीच काय चांगलं करता ते शोधून वाढवायचं. रोज पाच मिनिटं मुलाच्या आवडीचा खेळ, फोन लांब, आणि खेळ कसा चालेल ते मूल ठरवणार. आपला बोलण्याचा वेग कमी. त्याचं बोलून झालं की उत्तर देण्याआधी क्षणभर थांबणं. प्रश्नांची सरबत्ती कमी. नेदरलँड्समध्ये 199 मुलांवर या दोन मार्गांची तुलना झाली. दीड वर्षाने लिडकोंबच्या गटातली 76.5 टक्के आणि दुसऱ्या गटातली 71.4 टक्के मुलं अडखळत नव्हती. हा फरक इतका छोटा की दोन्ही मार्ग जवळपास सारखेच म्हणायचे. थेरपिस्टला जो नीट येतो आणि तुमच्या घराला जो झेपतो, तो घ्यावा.

माझा कल विचाराल तर एकत्र कुटुंबात मी घरातल्या बोलण्यापासून सुरुवात करते. आपल्याकडे जेवायला बसलं की आठ जण एका वेळी बोलतात, आणि मुलाला आपलं म्हणणं काकांच्या आवाजावर चढवून घुसवावं लागतं. त्याचं वाक्य अर्ध्यावर असतं तोवर आजी ते पुरं करून टाकते, मायेनेच. पाहुणे आले की "काकांना ती इंग्रजी कविता म्हणून दाखव", आणि मुलगा अडला की सगळ्यांचे चेहरे. या तीन गोष्टी थांबवायला पैसे लागत नाहीत, फक्त घरातल्या मोठ्यांपैकी कुणीतरी सांगावं लागतं. सून म्हणून ते तुम्हाला जड जात असेल तर सासूबाईंना एका सेशनला घेऊन जा, थेरपिस्ट त्यांना सांगेल. आजी एकदा पटल्या की त्यांच्यासारखा मदतनीस नाही. गोष्ट सावकाश सांगायची कला त्यांच्याकडे आधीच असते.

"सावकाश बोल", "आधी श्वास घे", "नीट विचार करून बोल" हे सगळं घरातून बंद. सांगणाऱ्याला बरं वाटतं, मुलाला कळतं की आपलं काहीतरी चुकलं. "श्वास घे" ऐकून ऐकून काही मुलांना प्रत्येक वाक्याआधी हवा गिळण्याची नवी सवय लागते, मग ती सोडवत बसावं लागतं. सावकाश बोलायचं आहे ते तुम्ही.

म्हणून आता पॅकेजबद्दल. एवढ्या लहान मुलाच्या थेरपीत आईवडिलांना बाहेर बसवत असतील, तर तिथे नेमकं काय चालतं हा प्रश्न पडायलाच हवा. त्या खोलीत मूल आठवड्यातून पाऊण तास असतं, बाकीचे सगळे तास तुमच्याजवळ. खोलीत शांतपणे, एका ओळखीच्या माणसाशी, चित्रं बघत बोलताना बरीच मुलं तशीही कमी अडखळतात. तिथलाच व्हिडिओ दाखवून "बघा किती सुधारला" म्हणणं सोपं आहे. सुधारणा मोजायची ती स्वयंपाकघरात, रिक्षात, शाळेच्या फाटकाशी. "इतक्या दिवसांत बरा करतो" अशी हमी कुणीही दिली तर उठून या. तोतरेपणावर मान्यताप्राप्त औषध नाही, आणि ठरावीक सेशनमध्ये हमखास संपेल अशी पद्धतही नाही.

थेरपिस्टला विचारायचे प्रश्न साधे आहेत. पदवी कोणती? बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी, किंवा त्यापुढची पदव्युत्तर पदवी हवी. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव आहे का? तिथला सीआरआर क्रमांक मागायला संकोच करू नका, खरा थेरपिस्ट रागावत नाही. अडखळणारी किती मुलं बघता? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण आमच्या क्षेत्रात श्रवणदोष, उशिरा बोलणारी मुलं आणि स्वमग्नता यांचं काम इतकं असतं की काही चांगल्या थेरपिस्टनाही तोतरेपणाचा सराव कमी असतो. मी सेशनमध्ये बसू का? घरी काय करायचं? शाळेशी बोलाल का? उत्तरं ऐकून तुम्हालाच कळेल.

कुठे जायचं? आधी तुमच्या जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं आहेत, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि सेवा मोफत असते. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं आरोग्य पथक याच कार्यक्रमाचं, त्यांच्याकडून चिठ्ठी घेता येते. वाचा-उपचारतज्ज्ञाचं, म्हणजे स्पीच थेरपिस्टचं, पद भरलेलं आहे ना, एवढं फोन करून विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि नायर रुग्णालयाशी जोडलेली ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र) व स्पीच थेरपीची शाळा. पुण्यात भारती विद्यापीठाचं याच विषयांचं महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त देतात, दर कमी असतात. फक्त बॅच बदलली की थेरपिस्ट बदलते. कोल्हापूर-सांगलीकडच्या काही घरांना म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थाही परवडते. देशातली ही जुनी आणि मोठी संस्था. एकदा तिथे सविस्तर तपासणी करून पुढचं काम गावाजवळ करायचं, असं काही जण करतात.

तुमच्यासारख्या तालुक्याच्या गावी दर आठवड्याला एसटीने जाणं-येणं, रजा, दमलेलं मूल, यात थेरपी अर्ध्यावर सुटते. व्हिडिओ कॉलवर लिडकोंब केलं तरी निकाल समोरासमोर केल्याइतकेच येतात हे चाचण्यांत दिसलं आहे. पहिल्या एक-दोन भेटी प्रत्यक्ष आणि पुढच्या फोनवर, असं थेरपिस्टला सरळ विचारा. लहान वयाच्या थेरपीत शिकायचं तुम्हाला असल्यामुळे ते शक्य होतं.

इंग्रजी माध्यमाचं काय, घरी मराठी बंद करू का, असंही विचारलंय. नको. दोन भाषांमुळे तोतरेपणा येत नाही, आणि एक काढून घेतल्याने जातो असंही नाही. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते ती भाषा काढून घेतली तर मूल बोलणारच कमी. नवखी भाषा बोलताना अडखळणं जास्त दिसू शकतं, एवढंच. तपासणी मात्र दोन्ही भाषांत व्हायला हवी.

घरगुती उपायांवर फार शब्द खर्चत नाही. वेखंड मधात उगाळून जिभेला लावणं, तोंडात खडे ठेवून बोलायला लावणं, यांचा उपयोग नाही, आणि खडे घशात जाण्याची भीती खरी. जिभेखालचा पडदा कापून घ्या असं कुणी सुचवलं तर ते तोतरेपणासाठी नव्हे. जीभ जखडलेली असेल तर फार तर काही उच्चारांवर परिणाम होतो, अडखळण्याशी त्याचा संबंध नाही. प्राणायाम, ओंकार करायचे तर जरूर करा, मन शांत होतं; थेरपीची जागा ते घेणार नाहीत.

आता पुतण्या. तुमच्या पत्रात त्याच्यावर दोनच ओळी आहेत, पण मला जास्त काळजी त्याची वाटते.

दहाव्या वर्षी तोतरेपणा आपोआप जाण्याची शक्यता बरीच कमी झालेली असते, हे त्याच्या आईवडिलांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. थेरपी घेऊन बोलणं खूप सोपं होऊ शकतं, अडखळणं कमी होतं, सौम्य होतं. पण "एकही शब्द अडता कामा नये" हे ध्येय ठेवलं तर मूल एक युक्ती स्वतःच शोधून काढतं: बोलायचंच नाही. मग ते वरवर सुधारलेलं दिसतं. उत्तर येत असून "विसरलो" म्हणणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुकानात हवी ती वस्तू न मागता जिचं नाव सहज निघतं ती घेऊन येणारी. स्वतःचं नाव विचारलं की खोकणारी. नावाला पर्यायी शब्द नसतो ना, म्हणून बहुतेकांना तेच सगळ्यात जड जातं. आणि हीच मुलं सकाळी वर्गाबरोबर एका सुरात प्रतिज्ञा म्हणतात, गणपतीत आरती म्हणतात, एकदाही न अडता. बऱ्याच पालकांचा यावरून गैरसमज होतो की "मनात आणलं तर येतं त्याला". एकत्र म्हणताना आणि गाताना जवळपास सगळ्यांचंच अडखळणं थांबतं, तोतरेपणाचा तो स्वभावच आहे. त्यात मुलाची लबाडी नाही.

या वयात मी आधी मुलाला विचारते: तुला काय सोपं व्हायला हवंय? आईला वाटत असतं भाषण, त्याला हवी असते हजेरी. काम तिथून सुरू होतं. आवाज कुठून येतो, अडतं तेव्हा घसा आवळतो की ओठ चिकटतात, हे आरशात बघून तो स्वतः शोधतो. मग शब्दाची सुरुवात हलकी करणं, पहिला आवाज अलगद ताणणं. अडकलाच तर धक्का मारून बाहेर न पडता तिथेच ताण सैल करून पुढे सरकणं. अडखळून शब्द संपल्यावर क्षणभर थांबून तोच पुन्हा हलकेच म्हणणं. यातल्या बऱ्याच युक्त्या चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन वाचातज्ज्ञाने रुजवलेल्या. तेही आयुष्यभर अडखळत होते. मुद्दाम अडखळण्याचा सरावही त्यातच येतो. पालक चक्रावतात, पण आपण होऊन अडखळून बघितलं की त्या क्षणाची भीती ओसरते, आणि अर्धा ताण त्या भीतीचाच असतो. आधी माझ्याशी, मग आईशी, मग फोनवर मावशीशी, मग कोपऱ्यावरच्या दुकानात. खोलीतलं बोलणं बाहेर न्यायला लागणारा वेळ हाच या थेरपीतला मोठा वेळ. महिनोन्महिने लागतात, मधे परीक्षा किंवा नवा वर्ग आला की मागेही जातं.

शाळेत त्याच्या वर्गशिक्षकांना भेटा, पण त्याला सांगून. ओळीने धडा वाचायला लावतात तेव्हा हा मुलगा धडा ऐकतच नसतो, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते मोजत असतो. त्याला लवकर बोलवावं, किंवा सुरुवातीला जोडीने वाचू द्यावं. तोंडी परीक्षेत घड्याळ दाखवू नये, वाक्य पुरं करू नये. पण न विचारता त्याला कायमचं वगळूही नये, त्यातून वर्गाला वेगळाच संदेश जातो. वर्गात कुणी "ततपप" म्हणून चिडवत असेल तर ते शिक्षकांनी थांबवायचं, "तू लक्ष देऊ नकोस" म्हणून त्याच्यावर सोडायचं नाही.

यजमानांच्या काकांचाही इथे उपयोग आहे. ते अडखळत अडखळत नोकरी करतात, संसार करतात, हे पुतण्या रोज बघतो, पण त्यावर दोघे कधी बोलले नसतील. त्यांना बोलतं करा. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही अडखळणाऱ्या लोकांनीच चालवलेली संस्था आहे, तिचे स्वमदत गट असतात, ऑनलाइनही भेटतात. ते बहुतांशी मोठ्यांसाठी आहेत, काकांनी आणि आईवडिलांनी आधी जाऊन यावं. थेरपिस्टकडून जे मिळत नाही ते तिथे मिळतं.

सरकारी प्रमाणपत्राबद्दल पुतण्याच्या वडिलांनी विचारलंय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगतेची जी व्याख्या आहे, ती स्वरयंत्र काढणं, पक्षाघातानंतर भाषा जाणं अशा शारीरिक वा मेंदूविकारांतून आलेल्या कायमस्वरूपी दोषाबद्दल आहे. लहानपणापासूनचा तोतरेपणा तिच्यात सरळ बसत नाही. त्यामागे वेळ घालवण्यापेक्षा शाळेशी बोलून हवी ती सवलत मिळवणं सोपं.

पहिल्या भेटीला जाताना दोघांचे तीन-चार छोटे व्हिडिओ घेऊन जा: जेवताना, भांडताना, शांत खेळताना. दवाखान्यात मुलं नेमकी त्या दिवशी नीट बोलतात. चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही दिवसांचे हवेत, कारण लहानग्यांचं अडखळणं आठवड्या-आठवड्याला वरखाली होतं. कधी सुरू झालं, घरात आणखी कुणाला आहे किंवा होतं, कुणाचं आपोआप गेलं, हे कागदावर लिहा. श्रवणचाचणी झालेली नसेल तर करून घ्या. दोघांची वेळ वेगवेगळी मागा. धाकट्यासोबत तुम्ही दोघे नवरा-बायको बसा. पुतण्याला मात्र पहिली काही मिनिटं थेरपिस्टशी एकट्याला बोलू द्या, मग जाऊबाईंना आत बोलवतील. आणि तिथे त्याला प्रश्न विचारला तर उत्तर यायला कितीही वेळ लागो, मोठ्यांपैकी कुणी मधे बोलू नका.